पत्ता, त्याची अचूकता आणि आपली जबाबदारी

(पुणे शहरातील भाषणाचा मजकूर)



पुणे शहरात पत्ता सांगण्याची एक जुनी रीत आहे. घराचा क्रमांक मागाहून येतो. आधी येतो पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, शनिपार किंवा खुन्या मुरलीधर. पेठेत वाढलेल्या माणसाला तेवढी खूण पुरते. परगावच्या पाहुण्याला मात्र ती अपुरी पडते आणि दूरदेशीच्या यंत्राला तर तिचा काहीच बोध होत नाही. पत्ता चांगला की वाईट, हे अखेर शोधणाराच ठरवितो.

ही अडचण टपाल खात्याला फार पूर्वी जाणवली. एकट्या पुणे परिसरातच वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव मावळही आहे. देशभर सारख्या नावांची गावे असंख्य. त्यात प्रत्येक पत्ता निराळ्या लिपीत लिहिलेला. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड अमलात आला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी होते. सदाशिव पेठेचा ४११०३० हा क्रमांक घेतला, तर त्यातील ४ हा आकडा पश्चिमेकडील विभाग दाखवितो, पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. पत्र कोणत्या कार्यालयाकडे जावे, एवढेच हा क्रमांक सांगतो. घर कोणते, हे तो सांगत नाही. आपली मर्यादा ओळखून काम करणारी अशी ही योजना आहे.

आता संगणकांच्या जाळ्यातील पत्त्याकडे वळू. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नाव प्रणाली मांडली. ही एक जगभर विभागून ठेवलेली नोंदवही होय. शाळेचे, पंचायतीचे किंवा कचेरीचे नाव विचारले की तिच्यातून त्या नावाचा आकडी पत्ता मिळतो. २०१४ सालापासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीतही अशी नावे घेता येतात.

या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे अनेक प्रकारच्या नोंदी करता येतात. जानेवारी १९९६ मध्ये चार तंत्रज्ञांनी त्यांत आणखी एका नोंदीची भर सुचविली. ती म्हणजे भौगोलिक ठिकाणाची नोंद. तिला संक्षेपाने ‘लॉक’ असे म्हणतात. खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहाव्यात, त्याप्रमाणे डोमेन नावापुढे अक्षांश, रेखांश आणि उंची लिहिण्याची ही सोय आहे. पुणे शहरापुरते बोलायचे, तर १८ अंश ३१ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व असे ते लिहिता येईल. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे १८५० मीटर भरते, तर एक सेकंद सुमारे ३१ मीटर. ही नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे जवळपास ३ सेंटिमीटरपर्यंत बारकाईने करता येते.

परंतु या नोंदीचा खरा विशेष तिच्या बारकाईत नाही. ठिकाणाबरोबरच त्या वस्तूचा आकार आणि मोजणीत किती चूक असू शकेल, हेही तिच्यात लिहावे लागते. लिहिणाऱ्याने चुकीची मर्यादा सांगितली नाही, तर आडव्या मापात ती १०,००० मीटर आहे असे समजले जाते. हा आकडा कोठून आला? टपालाच्या एका क्रमांकाखाली सर्वसाधारणपणे जेवढा प्रदेश येतो, त्यावरून तो घेतलेला आहे. संगणकशास्त्रज्ञांनीही अखेर टपालाच्याच शहाणपणाचा आधार घ्यावा, हे मोठे बोधप्रद आहे.

अचूकतेची मर्यादा सांगितली नाही, तर काय घडते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. आकडी पत्त्यावरून यंत्राचे ठिकाण अंदाजाने सांगणाऱ्या एका कंपनीने, ‘अमेरिकेत कोठेतरी’ एवढेच ठाऊक असलेल्या पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू पूर्णांकात धरला. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराजवळ पडला. पुढे सुमारे ६० कोटी आकडी पत्ते त्याच बिंदूशी जोडले गेले. परिणामी चोरीचा माल शोधणारे पोलीस, फसवणूक झालेले संतप्त लोक आणि बेपत्ता मुलांचा शोध घेणारी माणसे वर्षानुवर्षे त्या निरपराध कुटुंबाच्या दारात येत राहिली. २०१६ साली हे प्रकरण उजेडात आले, तेव्हा कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला. कंपनीचा अंदाज सबंध देशाएवढा ढोबळ होता. तो उंबरठ्याएवढा अचूक असल्यासारखा लिहिला गेला. त्याची झळ मात्र भलत्यालाच बसली.

‘लॉक’ नोंद असा अंदाज करीत नाही. नावाचा धारक ती स्वतःहून करतो. तिचा वापर आजही थोडाच होतो आणि तिचा दर्जा प्रायोगिकच राहिला आहे. तरीही तिने घालून दिलेली शिस्त प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने अंगीकारण्याजोगी आहे, कारण आज नकाशावरील खूण, संकेतस्थळ आणि भ्रमणध्वनी या सर्वांतून ठिकाणे प्रसिद्ध होत आहेत. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी आणलेला ‘डिजिपिन’ तर सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला दहा चिन्हांचा स्वतंत्र पत्ता देतो. १९७२ चा क्रमांक टपाल कार्यालयापाशी थांबला होता. नवा पत्ता दारापर्यंत पोचला आहे.

यास्तव तीन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, ठिकाण कोणाचे, हे स्पष्ट असावे. पंचायतीचे संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते, ते यंत्र मुंबईत किंवा परदेशातही असू शकते. नागरिकाला हवी असते ती पंचायतीची कचेरी. कचेरी हलली, तर नोंदही त्याच दिवशी बदलली पाहिजे. जुनी नोंद ही खोटीच नोंद होय.

दुसरी गोष्ट, सार्वजनिक जागा जितकी अचूक सांगावी तितकी बरी. आरोग्य केंद्र आणि पंचायत कार्यालय यांचे ठिकाण लपविण्याचे कारण नाही. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्यानेही कार्यालयांवर आपली माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसासाठी ते ३१ मीटर मोलाचे असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. व्यक्तीचे घर हे सार्वजनिक ठिकाण नव्हे. एखाद्या मुख्याध्यापकांनी घरी बसून शाळेचे संकेतस्थळ सिद्ध केले आणि ठिकाण म्हणून घराचेच अक्षांश-रेखांश गेले, तर ते सर्व जगाला वाचावयास खुले होतात. निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहाचे ठिकाण असे उघड झाले, तर आश्रयाचा हेतूच नष्ट होईल. अतिअचूक नोंद घातपातास उपयोगी पडू शकते, असा इशारा ‘लॉक’च्या कर्त्यांनी १९९६ सालीच देऊन ठेवला आहे. प्रसिद्ध झालेल्या नोंदीच्या प्रती कोठे कोठे जातात, याचा थांग लागत नाही. मागाहून नोंद पुसली, तरी त्या प्रती परत येत नाहीत.

जेथे शंका असेल, तेथे गावापर्यंत किंवा पिन कोडापर्यंतच सांगून थांबावे. तेवढ्यानेही पत्र पोचते आणि पाहुणा चौकापर्यंत येतो. तेथून पुढे दार दाखवायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार घरात राहणाऱ्या माणसाकडेच असला पाहिजे. कचेरीच्या वतीने नोंद करणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे.