रुईच्या पानामागची माशी



पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीच्या भिंतीला लागून एक रुई उभी आहे. ती कुणी लावलेली नाही. कधीतरी एक म्हातारी उडत आली, भिंतीच्या भेगेत अडकली आणि रुजली. शनिवारी पत्र्या मारुतीला माळ न्यायची असली की पानं तिचीच. गेल्या श्रावणात पानं काढताना एका पानामागे अळी दिसली. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. नातीला दाखवली. ती म्हणाली, "आजी, आपण हिचं फुलपाखरू करू या."

काचेची बरणी घेतली, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, रोज ताजं पान घातलं. चौथ्या दिवशी अळी फडक्याला उलटी लटकली आणि दुसऱ्या सकाळी तिचा कोष झाला. हिरवट, झुंबरासारखा, वर सोन्याचे बारीक ठिपके. नात शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बरणीशी. कोष झाल्यावर पाचव्या दिवशी त्यावर तपकिरी डाग पडला. सहाव्या दिवशी त्याला भोक पडलं आणि त्यातून एक चमकदार, चिकट धागा खाली लोंबू लागला. त्या धाग्यावरून मळकट पांढऱ्या चार अळ्या एकामागून एक तळाशी उतरल्या. रात्रीतून त्या आखडल्या, टणक झाल्या, भाजलेल्या तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसू लागल्या. अकरा दिवसांनी त्या दाण्यांची टोपणं उघडली आणि चार माश्या बाहेर आल्या.

नात रडली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कोष सडला असेल, माश्यांनी घाण केली." हा संशय रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या मलमलीतच आहे. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी यांनी मांसाच्या बरण्यांवर अशीच झिरझिरीत कापडं बांधली. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. मांसातून माशी आपोआप उपजत नाही, हे त्यांनी दाखवलं. आमच्या बरणीचं तोंड पहिल्या दिवसापासून बांधलेलं होतं, तरी माश्या झाल्या. म्हणजे त्या आल्या त्या अळीच्या पोटातूनच.

आता माशी कोणती? घरमाशीच्या छातीवर चार काळपट रेघा असतात. आमच्या माशीवरही रेघा होत्या, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. दहापट दाखवणारं साधं भिंग घ्या. आधी पंख मोजा. गांधीलमाशीला आणि तिच्या गोतावळ्याला चार पंख असतात. खऱ्या माशीला दोनच, आणि त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारखे दोन छोटे दांडे, तोल सांभाळायला. मग पोटाचं टोक पाहा. आमच्या माशीच्या टोकाला राठ, ताठ केस होते, बुटाच्या ब्रशसारखे. शेवटची खूण कडेने पाहिलं तरच दिसते. पाठीच्या मागच्या अंगाला छोटी ढाल असते, आणि तिच्या खाली आणखी एक गोल फुगवटा. ढालीखाली उशी ठेवावी तसा. घरमाशीला अशी उशी नसते. पोटावर चौकटी असणाऱ्या मांसमाशीलाही नसते. ही टॅकिनिड कुळाची खूण. जगात या कुळाच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांची पिल्लं दुसऱ्या कीटकांच्या अंगात वाढतात.

यातल्या काही माद्या अळीच्या पाठीवर पांढरं अंडं चिकटवतात. काही पानावर इतकी सूक्ष्म अंडी घालतात की अळी पानाबरोबर ती गिळून टाकते. रुईच्या चिकाचं विष अंगात साठवून आमची अळी पक्ष्यांपासून वाचते. या माशीपासून मात्र तिला ते वाचवू शकलं नाही.

सगळ्यांत नवलाची गोष्ट आतली. परका जीव अंगात शिरला की अळीच्या रक्तातल्या पेशी त्याच्याभोवती जमतात आणि त्याला कोंडून मारायला भिंत उभी करतात. कित्येक टॅकिनिडांचं पिल्लू त्याच भिंतीची नळी करून घेतं. नळीचं एक टोक अळीच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला जोडलेलं, दुसरं पिल्लाच्या मागच्या अंगाला. कोंडायला बांधलेल्या भिंतीतूनच ते हवा घेतं. हे मी मुलांना शाळेत शिकवत असे. पण परसातल्या अळीबद्दल सांगताना माझा आवाज वेगळा लागला.

एकातून दुसराच जीव निघण्याची गोष्ट आपल्याकडच्या भ्रमर-कीटक न्यायातही आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात, त्यांतला शेवटचा हाच. कुंभारीण ही गांधीलमाशी अळी आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि काही दिवसांनी त्या घरातून कुंभारीणच बाहेर पडते. ध्यास घेता घेता कीटक भृंगी, म्हणजे कुंभारीण, झाला, असं संतांनी सांगितलं. ध्यासाचा अर्थ त्यांचा आहे, तो तसाच राहो. मला मोल वाटतं ते त्याच्या मुळाशी असलेल्या नजरेचं. कुणीतरी भिंतीवरच्या मातीच्या घरासमोर दिवसचे दिवस बसून पाहिलं होतं. कोंडलं एक आणि निघालं दुसरं, एवढं त्यानं अचूक टिपलं. कुंभारणीचं अंडं तेवढं नजरेतून सुटलं.

या माशीला मित्र म्हणावं की शत्रू? रेशीम काढणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. याच कुळातली उझी माशी म्हटलं की तो आधी संगोपनगृहाच्या खिडक्यांच्या जाळ्या तपासतो. तिचं पिल्लू रेशीमकिड्याच्या अंगात शिरतं तिथे काळा डाग राहतो. १९८० मध्ये ती बंगालकडून नकळत कर्नाटकात आली आणि तिथल्या रेशीमशेतीत पसरली. त्याच कुळातली स्टर्मिऑप्सिस मात्र उसाच्या खोडकिडीवर जगते, म्हणून तिच्या गाभण माद्या मुद्दाम फडात सोडतात. आमच्या माशीनं एक फुलपाखरू नेलं. पण कुंड्यांतल्या भाजीवरच्या अळ्याही हेच कुळ आवरतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, अळी दिसली की लगेच फवारा उचलू नका. एखाद्या कुंडीतली कोथिंबीर फुलावर येऊ द्या. मोठ्या माश्यांना त्या फुलांतला मध लागतो.

आणि घरी अशी माशी निघालीच, तर नुसता माशीचा फोटो काढून थांबू नका. तिचं रिकामं टरफल जपून ठेवा आणि चिठ्ठी लिहा: झाड कोणतं, अळी कोणती, गाव, तारीख. जातीचं नाव ठरवायला तज्ज्ञच लागतो. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. पण माशी कोणत्या अळीतून निघाली, हे त्या तज्ज्ञाला माशीकडे बघून कळत नाही. ते फक्त बरणी ठेवणाऱ्याला ठाऊक असतं.

आमची चिठ्ठी नातीनं लिहिली. 'रुई, पट्ट्यांची अळी, नारायण पेठ, पुणे', खाली तारीख. एक माशी बरणीत मेली होती, ती चिठ्ठीबरोबर डबीत ठेवली. उरलेल्या तिघींना सोडायला ती स्वतः परसात गेली. फडकं काढलं. दोघी भिंतीपलीकडे गेल्या. तिसरी रुईच्या पानावर बसून पुढचे पाय चोळत राहिली, आणि नात उकिडवी बसून तिच्याकडे बघत राहिली.