वसाहतीतला रविवार



एका संपादकांनी माझी मंगळावरची कथा परत पाठवली. 'यातला पाद्री काढा, विज्ञानकथेत श्रद्धेचे काय काम?' असा शेरा होता. त्याचे उत्तर मी मुद्दाम इथे, चिंचवडमध्ये देतो. औद्योगिक वसाहत आणि अंतराळातली वसाहत, मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला आहे. वसई, गोवा, नगर, केरळ सोडून आपली कॅथलिक माणसे भोसरी-चाकणला यंत्रांमागे आली. भाड्याची खोली मिळाल्याबरोबर त्यांनी विचारले, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, कुठे असते?

आपल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी पहिली पाळी असेल, तर माणूस शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला धावतो. आता मंगळ घ्या. तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा. 36 दिवसांत पृथ्वीशी जवळपास एका दिवसाचा फरक पडतो. मग रविवार कुठला पाळायचा, तिथला की रोमचा? मिस्सेला भाकर गव्हाचीच लागते, द्राक्षारस द्राक्षांचाच. हवा-पाणी मोजून वापरणाऱ्या वसाहतीत वेलीला पाणी कोण मंजूर करणार? पापनिवेदन रेडिओवरून चालत नाही; एकुलता एक धर्मगुरू वारला तर? ही कथाबीजे नव्हेत, तर काय आहेत? अंतराळवीर माइक हॉपकिन्स 2013 मध्ये अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी 6 अभिमंत्रित भाकरी नेल्या. प्रत्येकीचे 4 तुकडे करून त्या 24 आठवडे पुरवल्या. श्रद्धा केव्हाच वर पोचली आहे, संपादक महाशय!

जेम्स ब्लिशने 1958 मध्ये, मेरी डोरिया रसेलने 1996 मध्ये कादंबरीत जेझुइट धर्मगुरू परग्रहावर पाठवले. आपण कशाला लाजायचे? आपल्याकडे तर तो जेझुइट खरोखर येऊन गेला. इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरला, परकी भाषा शिकला आणि 1616 मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून मोकळा झाला. तो आला त्या गोव्यावर पोर्तुगीज तोफांची सत्ता होती, हेही लपवू नका. वसाहत म्हटले की जमीन कुणाची, हा प्रश्न येतोच. कारखान्यांखाली जमीन गेलेल्या चाकणच्या शेतकऱ्याला विचारा. तुमच्या मंगळकथेने हा प्रश्नही विचारला पाहिजे.

93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 94व्याचे जयंत नारळीकर. धर्मगुरू आणि विज्ञानकथाकार लागोपाठ त्या खुर्चीत बसले, पण या दोघांची जगे एका कथेत आणणारे मराठी पान माझ्या वाचनात नाही. दोष संपादकांचा आहे, तितकाच देवघरापुरते भक्तिगीत लिहून थांबणाऱ्या आपलाही आहे.

पाळी, पगार, मिस्सा, मातीची ओढ, सगळा ऐवज तुमच्याकडे आहे. येत्या गुरुवारी सुट्टी आहे. लिहायला बसा.