इंग्रजीचे श्रवण
(ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते कार्य पूर्ववक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले असल्यामुळे आम्ही एका निव्वळ व्यावहारिक विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपल्या कुटुंबांतील कित्येक मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत. मुलगे पदवी घेऊन परदेशच्या विद्यापीठांकडे दृष्टी लावून आहेत. या सर्वांच्या वाटेवर इंग्रजी भाषेची एक परीक्षा उभी असते. १९८९ पासून ‘आयएल्ट्स’ या नावाने घेतली जाणारी परीक्षा ती हीच. तिची अंगे चार : श्रवण, वाचन, लेखन व संभाषण. पालक लेखनाची चिंता वाहतात, संभाषणासाठी शिकवणी लावतात. श्रवणाचा विचार मात्र कोणीच करीत नाही. ‘ऐकायचे तर आहे, त्यात शिकायचे काय?’ असे आम्हांस अनेकांनी विचारले आहे.

शिकायचे काय, ते पाहा. ध्वनिमुद्रण सुमारे तीस मिनिटांचे, प्रश्न चाळीस, भाग चार. पहिल्या भागात दोन माणसांचे नित्य व्यवहारातील बोलणे, दुसऱ्यात एकाच व्यक्तीने दिलेली माहिती, तिसऱ्यात विद्यार्थी व अध्यापक यांची चर्चा, चौथ्यात विद्यापीठीय व्याख्यान. सारे एकदाच ऐकावयास मिळते. बोलणारा कधी लंडनचा, कधी ऑस्ट्रेलियाचा, कधी अमेरिकेचा. तो प्रथम ‘मंगळवारी येतो’ म्हणतो आणि लगेच ‘छे, गुरुवारी’ अशी दुरुस्ती करतो. अर्धवट ऐकणारा मंगळवार लिहून मोकळा होतो. उत्तर ठाऊक असूनही स्पेलिंग चुकले तर गुण नाही. संगणकावरील परीक्षेत शेवटी उत्तरे तपासण्यास अवघी दोन मिनिटे मिळतात.

ब्रिटनच्या परिचारिका परिषदेस श्रवणात सातची श्रेणी लागते, म्हणजे चाळीसपैकी सुमारे तीस उत्तरे बरोबर यावी लागतात. लेखनात साडेसहा चालतात, श्रवणात चालत नाहीत. त्या अर्ध्या श्रेणीपायी एका वेळचे पंधरा हजारांहून अधिक रुपये जातात, पुन्हा अर्ज करावा लागतो आणि ठरत आलेली नोकरी लांबते. ज्या घरात पित्याचे वेतन कारखान्याच्या पाळीवर अवलंबून आहे, त्या घरात हा खर्च कोठून निघतो, हे येथे बसलेल्या मातांस सांगण्याची आवश्यकता नाही. हातातील पाटल्या त्यांच्याच जातात.

याचे मूळ आपल्या अध्यापनपद्धतीत आहे. आपण इंग्रजी शिकलो ती डोळ्यांनी. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांस इंग्रजी वाक्यरचना शिकविली, हे तिचे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु त्या पाठमालेस आवाज नव्हता. २००० साली राज्य शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तरी ती बहुतांशी फळ्यावरच राहिली. परिणामी आपल्या मुलांस शब्द दिसला की ओळखतो, ऐकला की ओळखत नाही. आपण ‘कम्फर्टेबल’ असे अक्षर अन् अक्षर उच्चारतो. इंग्रज माणूस ‘कम्फ्टबल’ म्हणून पुढे जातो. ‘नॉट ॲट ऑल’ हे त्याच्या तोंडी ‘नॉटटॉल’ होते. मराठीत प्रत्येक अक्षरास जवळजवळ सारखे वजन असते, इंग्रजीत एका अक्षरावर आघात पडतो आणि बाकीची गिळली जातात. ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांतील भेद या आघातातच आहे. दूरध्वनीचे आकडे सांगताना तो शून्याला ‘ओ’ म्हणतो आणि दोन पाचांना ‘डबल फाइव्ह’.

यावर उपाय नवा नाही. आपल्या जुन्या शाळांत रोज श्रुतलेखन होत असे; तेच येथे करावयाचे. दीड-दोन मिनिटांचे असे ध्वनिमुद्रण घ्यावे की ज्याची लिखित संहिताही उपलब्ध आहे. बी.बी.सी.चा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम संहितेसह विनामूल्य मिळतो. प्रथम एकदा न थांबता ऐकून त्याचा आशय मराठीत सांगावा. नंतर तुकड्यातुकड्याने लिहावे. जो शब्द उमगला नाही तो जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहून ठेवावा. आपली लिपी ध्वनीशी प्रामाणिक आहे आणि हा लाभ इंग्रज विद्यार्थ्यालाही नाही. मग संहिता उघडून ताडून पाहावे. शब्दच ठाऊक नव्हता, की ठाऊक असून कानाने ओळखला नाही, की केवळ स्पेलिंग चुकले? प्रत्येक चूक यांपैकी कोणती, ते समासात टिपावे. दुसऱ्या प्रकारच्या चुका सर्वांत अधिक निघतात, असा आमचा अनुभव आहे. त्या ओळी ध्वनिमुद्रणासोबत मोठ्याने वाचाव्यात. रोज अर्धा तास पुरे. पूर्ण प्रश्नपत्रिका आठवड्यातून एकदाच सोडवावी. रोज सोडविणाऱ्यास आपले गुण कळतात, दोष कळत नाहीत.

साधने तर आपल्या भोवतीच आहेत. स्थानकावर गाडीची घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजीत होते; आकडे व वेळा ऐकण्यास नवशिक्यास ती बरी. ऑस्ट्रेलियातील कसोटी सामन्याचे इंग्रजी समालोचन ऐकले, तर तेथील ‘डे’ हा ‘डाय’कडे कसा झुकतो ते आपोआप कळते. बदलापूरहून मुंबईस जाणाऱ्या मुलींस गाडीत दीड तास मिळतो. मात्र कानांत यंत्र घालून कोणी रूळ ओलांडू नये, हे आम्ही बजावून सांगतो. उल्हासनगरकरांनी तर आपल्या शेजाऱ्यांकडेच पाहावे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी बांधवांपैकी कितीतरी वृद्धांस मराठी वाचता येत नसे, पण दुकानाच्या फळीवर बसून गिऱ्हाइकाचे ऐकून ऐकून ते भाव मराठीत करीत.

परिचारिकांसाठी ‘ओ.ई.टी.’ ही दुसरी परीक्षा आहे. तीत रुग्णालयातील संभाषणेच ऐकावी लागतात, म्हणून काहींस ती सुकर वाटते. शुल्क मात्र अधिक आहे. कोणती द्यावी हे प्रथम महिनाभर श्रवण करून मग ठरवावे. ‘येणारे प्रश्न आधीच देतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांच्या दारात कोणी जाऊ नये.

आपल्या संस्थेचे सभागृह सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी रिकामे असते. तेथे सहा-सात मुलामुलींचा वर्ग विनामूल्य चालविण्यास आम्ही तयार आहोत. पंखा खडखडतो, आवाज घुमतो. परंतु खिडक्या लावून काम भागेल. कार्यकारी मंडळाने एक ध्वनिक्षेपक व काही कर्णयंत्रे यांची तरतूद करावी, एवढीच विनंती. नावे कार्यवाहांकडे द्यावीत. येताना शंभर पानांची वही आणावी. दोन महिन्यांत दुसरी लागेल.