भय की द्वेष?



शब्दाची व्युत्पत्ती कळली म्हणजे अर्थही कळला, असे मानण्याचा प्रघात आहे. ‘होमोफोबिया’ हा शब्द त्यास अपवाद होय. यातील ‘होमो’ हा ‘होमोसेक्शुअल’, म्हणजे समलिंगी, या शब्दाचा संक्षेप. त्याचे मूळ ग्रीक ‘होमोस’, म्हणजे ‘समान’, हे आहे. मनुष्यवाचक लॅटिन ‘होमो’शी त्याचा संबंध नाही. ‘फोबिया’ म्हणजे भय. तेव्हा अक्षरशः अर्थ ‘समानाचे भय’ एवढाच निघतो. व्यवहारात मात्र समलिंगी माणसांविषयीचा द्वेष व तिरस्कार या शब्दाने दर्शविला जातो.

हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी योजिला. १९६९ साली तो छापून आला आणि १९७२ साली त्यांच्या ग्रंथामुळे रूढ होऊ लागला. त्या काळी अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीत समलिंगी असणे हाच विकार गणला जाई. ती नोंद डिसेंबर १९७३ मध्ये निघाली. वाइनबर्ग यांनी जणू रोगी बदलला. तपासावयाचे ते समलिंगी मनुष्यास नव्हे, तर त्याचा विटाळ मानणाऱ्यास! शब्दाचे सामर्थ्य ते हेच.

त्याचे उणेपणही येथेच आहे. जलसंत्रासात पाण्यास भिणारा रोगी स्वतःच यातना भोगतो. येथे द्वेष करतो एक आणि भोगतो दुसरा. शिवाय रोग म्हटला की दोषाची जबाबदारी उरत नाही. नसता मनोविकार कोणावर लादू नये, या विचाराने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१२ साली सामाजिक व राजकीय लेखनात हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला. वाइनबर्ग यांनी त्यास विरोध केला.

मराठीत भय आणि द्वेष हे दोन्ही शब्द आहेत. ते निवडून योजावेत. मुलाने मन उघड करताच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून कावरीबावरी होणारी आई भयग्रस्त असते. ज्ञानाने व सहवासाने ते भय निवळू शकते. त्याच मुलास घराबाहेर काढणारा बाप किंवा त्यास खोली नाकारणारा घरमालक यांचे वर्तन ‘समलिंगीद्वेष’ याच नावास पात्र आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. तथापि घरातील द्वेष निकालपत्राने जात नाही.

भ्यालेल्यास धीर द्यावा, द्वेष्ट्यास जाब विचारावा. दोघांस एकच नाव दिले, तर धीर कोणास द्यावयाचा आणि जाब कोणास विचारावयाचा, हेच कळेनासे होते.