मातीचा मावळा आणि जयपूरचा कुंचला
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी दिवाळी संमेलनातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून थोर विषयांवर बोलावे, असा संकेत आहे. आम्ही मात्र आज चार बोटे उंचीच्या एका मातीच्या चित्राविषयी बोलणार आहोत.

दिवाळीत आपली मुले किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, सिंहासनावर महाराज आणि बुरुजांवर मावळे मांडतात. पुण्याकडे ही चित्रे रंगवलेली विकत मिळतात. जयपूरच्या बाजारात लक्ष्मी-गणेशाच्या मूर्ती हव्या तितक्या. मावळा मात्र आम्हांस मिळाला नाही. तेव्हा कुंभाराकडून माती आणून आम्ही घरीच मावळे घडवले. घडवणे त्या मानाने सोपे. खरी परीक्षा रंगवण्यात असते.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने जाड रंग फासला आणि मावळ्याचे नाक-डोळे त्याखाली बुजून गेले! आमच्या शेजारी लघुचित्रे काढणारे एक वृद्ध चितारी राहत. मुले त्यांना ताऊजी म्हणत. ते चित्र पाहून हसले आणि त्यांनी आमची शिकवणी सुरू केली. माती सावलीत पुरती वाळू द्यावी. कच्ची माती रंग पिऊन टाकते, म्हणून डिंक घातलेल्या पांढऱ्या खडूचे दोन पातळ हात आधी द्यावेत. लघुचित्राच्या कागदालाही असेच पांढरे अस्तर असते. त्यांच्याकडे ते अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करतात. मग चित्र एका काडीवर चिकटवावे, म्हणजे बोटे रंगाला लागत नाहीत. प्रथम अंगकांती, मग अंगरखा, मग शेला, मग ढाल-तलवार. अंगरख्याच्या चुण्यांत गडद रंगाचे पाणी सोडले की ते आपोआप खोलगट जागी बसते. वर आलेल्या कडांवर फिकी छटा द्यावी, की हातभर अंतरावरूनही कापड कापडासारखे दिसते. डोळे सर्वांत शेवटी. ताऊजींचा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. आम्ही शून्य नंबरच्या ब्रशावर भागवले. श्वास रोखून दोन ठिपके द्यावयाचे, आणि मातीचा गोळा आपल्याकडे पाहू लागतो.

पुढे महाराजांचे चित्र आले. चिरंजीवांनी विचारले, “बाबा, महाराज गोरे होते की सावळे? झेंडा कोणत्या रंगाचा?” आम्ही कॅलेंडरावरील चित्राकडे बोट दाखवले. वस्तुतः याचे उत्तर जयपूरच्याच दप्तरात होते. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले, तेव्हा आमेरच्या पदरी असलेल्या परकालदासाने आपल्या दरबाराकडे पत्रे धाडली. जयपूर संस्थानच्या दप्तरातील ही राजस्थानी पत्रे जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांच्या संपादनाखाली १९६३ साली प्रसिद्ध झाली. महाराज अंगाने सडपातळ, उंचीने बेताचे, वर्णाने अतिशय गोरे, दाढी राखलेले. नऊ वर्षांचे संभाजीराजेही तसेच गौरवर्ण आणि देखणे. झेंडा केशरी आणि शेंदरी, वर सोनेरी नक्षी, असे त्यांतील वर्णन आहे. ज्याने महाराज डोळ्यांनी पाहिले, त्याची ही साक्ष आम्हांस या परक्या म्हटलेल्या मुलखाने दिली. त्या वर्षी आमच्या झेंड्यावर सोनेरी ठिपके चढले.

पण खरा पेच पुढेच होता. ताऊजींच्या नातवाने किल्ला पाहून विचारले, “आमचे मिर्झाराजे कोठे आहेत?” चिरंजीव ताडकन म्हणाले, “ते शत्रू. त्यांना काळे रंगवणार.” त्या मुलाचा चेहरा उतरला. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो. ज्या गावाने आम्हांस अन्न दिले, शेजार दिला, त्याच्या पूर्वजाला काळे फासावयाचे काय?

त्या रात्री आम्ही दोघा मुलांना जवळ बसवून सारी हकीकत सांगितली. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात मिर्झाराजा जयसिंहांनी महाराजांचे तेवीस किल्ले घेतले, हे लपवले नाही. पण आग्र्यात महाराजांच्या सुरक्षिततेची हमी त्यांचे पुत्र रामसिंह यांनी घेतली होती, आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटल्यावर बादशहाचा रोष त्यांनाच सोसावा लागला, हेही सांगितले. इतिहासात एकच रंग नसतो. चुणीत गडद, कडेवर फिका, असाच तो भरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्याशी एक तंबू उभा राहिला. त्यात महाराज आणि मिर्झाराजे समोरासमोर बसले, एकाच उंचीचे. मिर्झाराजांचे डोळे आमच्या चिरंजीवांनी काढले; महाराजांचा झेंडा ताऊजींच्या नातवाने रंगवला. तेवीस किल्ल्यांच्या तेवीस मातीच्या टिकल्या मात्र तंबूपुढे मांडल्याच होत्या. त्या झाकाव्यात, असे दोघांपैकी कोणासही वाटले नाही.

आता प्लॅस्टिकचे तयार मावळे घरपोच येतात. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु विकत घेतलेल्या चित्राबद्दल मूल क्वचितच काही विचारते. रंगवावयास बसले की प्रत्येक रंगाला त्याचा एक प्रश्न असतो, आणि उत्तर शोधता शोधता आईबापांचाही अभ्यास होतो. म्हणून आमची मंडळास एवढीच विनंती, की दर दिवाळीपूर्वी एक रविवार मुलांच्या हाती माती आणि कुंचला द्यावा, आणि शेजारच्या मुलांनाही आवर्जून बोलवावे.