पिंपामागे एक डॉलर



लंडनच्या बाजारात ब्रेंट तेलाचा भाव पिंपामागे एका डॉलरनं चढला, तर ती बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींत मावते. हिशोब मात्र दोन ओळींचा नाही. 2024-25 या वर्षात भारतानं सुमारे 24 कोटी टन कच्चं तेल बाहेरून आणलं. पिंपांत मोजलं तर ते पावणेदोन अब्जांच्या आसपास भरतं. म्हणजे तो एक डॉलर वर्षभर टिकला, तर देशाच्या गंगाजळीतून पावणेदोन अब्ज डॉलर जास्तीचे जातात आणि त्या बदल्यात तेलाचा एक थेंबही वाढून मिळत नाही. हा डॉलर ठरवणारे लोक ओपेकच्या बैठकीत बसलेले असतात, कधी वॉशिंग्टनमध्ये, तर कधी तांबड्या समुद्राच्या काठी ड्रोन सोडणाऱ्या टोळीत.

पेट्रोलियम अभियांत्रिकीची पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्यांनी ही अगतिकता आधी नीट समजून घ्यावी. तिच्याआड लपू मात्र नये. या उद्योगाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळला, तर भाव प्रत्येक वेळी बाहेर ठरलेला दिसतो. त्याचा घाव किती खोल जाईल, हे मात्र बहुतेक वेळा घरातल्या निर्णयांनी ठरवलेलं आहे.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात 'सागर सम्राट' या रिगला तेल लागलं. देशाच्या नशिबात असे योग फार थोडे आले. 21 मे 1976 रोजी बॉम्बे हाय या त्या तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू झालं. शोध ते उत्पादन हे अंतर सव्वादोन वर्षांचं होतं, तेही भर समुद्रातल्या कामाचा फारसा अनुभव नसलेल्या देशात. आजही हा वेग पाहून मान आदरानं झुकते.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. 1980च्या दशकाच्या मध्याला बॉम्बे हाय दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल देत होतं. आयातीचं बिल कमी करण्याचा दबाव मोठा होता आणि त्या दबावाखाली विहिरी प्रमाणाबाहेर ताणल्या गेल्या, अशी टीका नंतर झाली. तिथल्या चुनखडकातलं तेल बाहेर येतं ते आतल्या दाबामुळे. दाब सांभाळायला पाणी वेळेवर सोडावं लागतं, प्रत्येक विहिरीतून किती काढायचं याला मर्यादा घालावी लागते. ती मर्यादा ओलांडली की तेलाऐवजी वायू आणि पाणी वर येऊ लागतं आणि बरंचसं तेल खडकातच अडकून पडतं. परक्या तेलाच्या धास्तीनं स्वतःच्या तेलक्षेत्राचं आयुष्य कमी करण्याचा धोका प्रत्येक आयातदार देशासमोर असतो. आता बॉम्बे हायचं उत्पादन दिवसाला दीड लाख पिंपांच्याही खाली आहे. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीनं त्याच्या पुनरुज्जीवनासाठी ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक सहकारी म्हणून नेमलं. म्हाताऱ्या विहिरींची देखभाल हे काम नव्या शोधाइतकं झगमगीत नसतं. पण पुढच्या वीस वर्षांत या देशाला मिळणारं बरंचसं स्वदेशी तेल तिथूनच यायचं आहे.

मार्च 2015 मध्ये 'ऊर्जा संगम' परिषदेत एक राष्ट्रीय उद्दिष्ट जाहीर झालं. आयातीवरचं अवलंबित्व तेव्हा 77 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायचं. झालं उलट. 2024-25 मध्ये ते 88 टक्क्यांवर पोहोचलं. कारण सरळ आहे. 2014-15 मध्ये देशानं साडेसोळा कोटी टन पेट्रोलियम पदार्थ वापरले, दहा वर्षांनी जवळजवळ 24 कोटी. त्याच काळात देशातलं कच्च्या तेलाचं उत्पादन तीन कोटी टनांच्याही खाली उतरलं. राजस्थानातलं बारमेरचं मंगला क्षेत्र 2009 मध्ये सुरू झालं, त्यानं काही वर्षं तोल सावरला. त्याच वर्षी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 क्षेत्रातून वायू येऊ लागला आणि मोठ्या आशा बांधल्या गेल्या, पण दोन-तीन वर्षांतच तिथलं उत्पादन कोसळू लागलं. जमिनीखालचा खडक मंत्रालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही. उद्दिष्ट ठरवणाऱ्यांच्या खोलीत भूवैज्ञानिकाला खुर्ची हवी, हा त्याचा साधा अर्थ.

तेल नाही म्हणून हात बांधून बसलेला हा देश नाही, हेही तितकंच खरं. भारताची शुद्धीकरण क्षमता वर्षाला पंचवीस कोटी टनांहून अधिक आहे. जामनगरचं रिफायनरी संकुल जगात सर्वांत मोठं. परदेशी कच्चं तेल आणून, त्याचं डिझेल आणि विमान-इंधन करून, भारत दरवर्षी सहा कोटी टनांहून जास्त पदार्थ निर्यात करतो. जड, गंधकानं भरलेलं, म्हणून स्वस्त पडणारं तेलही पचवू शकणाऱ्या रिफायनऱ्या इथल्या अभियंत्यांनी उभ्या केल्या. त्याचा उपयोग 2022 नंतर दिसला. युक्रेन युद्धापूर्वी आयातीत दोन टक्केही नसलेलं रशियन तेल नंतर एक तृतीयांशाच्या वर गेलं, कारण ते सवलतीत मिळत होतं आणि इथल्या संयंत्रांना चालत होतं. पण या खरेदीलाही दुसरी बाजू आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघानं रशियन भागीदारी असलेल्या वाडिनारच्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टनं कंपनीची सेवा थांबवली आणि ती परत मिळवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. गुजरातच्या किनाऱ्यावरची रिफायनरी आणि तिचा ई-मेल बंद करण्याची कळ परदेशात! या उद्योगातली जोखीम आता तेलवाहू जहाजापुरती उरलेली नाही.

जहाजाचा मार्गही अरुंद आहे. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी साधारण 33 किलोमीटर रुंद आहे. कच्चं तेल रशियाकडून, अमेरिकेकडून, आफ्रिकेकडून आणता येतं. स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो आणि तो मुख्यतः आखातातून येत आला आहे. विशाखापट्टणमला खडकात खोदलेल्या गुहेत 60 हजार टन एलपीजी मावतो. देश एका दिवसात त्याहून जास्त गॅस जाळतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून ज्या कोट्यवधी घरांत पहिल्यांदा सिलिंडर पोहोचला, त्या घरांशी हा आकडा ताडून पाहावा.

कच्च्या तेलाची साठवण थोडी बरी आहे, पुरेशी नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपी जिल्ह्यातलं पाडूर इथे मिळून 53 लाख टनांच्या भुयारी गुहा आहेत. सभोवतालच्या खडकातल्या पाण्याच्या दाबानं तेल आत कोंडून ठेवण्याचं हे तंत्र सुंदर आहे. पूर्ण भरल्या तर या गुहा सुमारे साडेनऊ दिवस पुरतात. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून हा आकडा 74 दिवसांवर जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना नव्वद दिवसांचं बंधन असतं. एप्रिल-मे 2020 मध्ये, करोनामुळे जगभर मागणी मेली असताना, सरकारनं पिंपामागे सरासरी 19 डॉलरनं तेल घेऊन या गुहा भरल्या आणि पाच हजार कोटी रुपयांहून अधिक वाचवले. गुहा दुप्पट असत्या तर? चंडीखोल आणि पाडूर इथल्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळायला मात्र 2021 उजाडलं.

आता पंपावरच्या दराकडे. हा विषय टाळला की उद्योगाची तब्येत समजत नाही. 2012-13 मध्ये खर्चापेक्षा कमी दरानं इंधन विकल्यामुळे सरकारी तेल कंपन्यांची तूट एक लाख एकसष्ट हजार कोटी रुपयांवर गेली. पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झालं, 2017 पासून दर रोज बदलू लागले. तरीही 2022 मध्ये दर गोठले आणि एप्रिल-जून या तिमाहीत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून साडेअठरा हजार कोटींचा तोटा झाला. हा पैसा गुहांसाठी, शोधकामासाठी, सुरक्षेसाठी लागणारा पैसा होता.

खोट्या दराची किंमत पैशातच मोजली जाते असंही नाही. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या दरातल्या दरीतून भेसळीचा धंदा उभा राहिला. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीला, तेल डेपोंच्या परिसरात, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी हा धंदा उघड्यावर चाललेला पाहिला आणि हटकलं. भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळलं. गरिबाला मदत व्हायलाच हवी, पण ती थेट त्याच्या हातात. पदार्थाचा दर खोटा ठेवला की मधला माणूस जन्माला येतो आणि तो शस्त्रही उचलतो. रॉकेलचा दर पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवून अनुदान जवळजवळ संपवण्यात आलं. हे आधी का झालं नाही, हा प्रश्न महाराष्ट्रानं विचारत राहायला हवा.

आयात कमी करायला इथेनॉलनं थोडा आधार दिला. 2013-14 मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का असलेलं मिश्रण 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. पण डिसेंबर 2023 मध्ये, पाऊस कमी झाल्यावर, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि राज्यातले कारखाने अडचणीत सापडले. आखातावरचं अवलंबित्व काही अंशी मोसमी पावसावर सरकलं, एवढंच.

कोकणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी योजली गेली. 2018 मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक भागीदार म्हणून आल्या. 2019 मध्ये नाणार या नियोजित जागेची भूसंपादन अधिसूचना रद्द झाली. मग जागा बारसूला सरकली आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी गावकरी सड्यावर उतरले. तिथली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आजूबाजूला आंबा-काजूच्या बागा आहेत, खाली मासेमारी आहे. या लोकांना विकासविरोधी म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. पाण्याचं काय, धुराचं काय, जमीन कुणी आधीच विकत घेऊन ठेवली, हे त्यांचे प्रश्न अभियंत्यांनी उत्तरं द्यावीत असेच होते. उत्तरं द्यायला पोलीस बंदोबस्त पुढे आला.

आणि सुरक्षा. 27 जुलै 2005 रोजी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ एक जहाज आलं, ते एका जखमी कर्मचाऱ्याला वर पोहोचवण्यासाठी. खवळलेल्या समुद्रात ते वायूच्या उभ्या नळीवर आदळलं, आग लागली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. 22 माणसं गेली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आलेला असताना पी-305 हा तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरची सत्तरहून अधिक माणसं दगावली, बहुतेक कंत्राटी कामगार. आयात कमी करण्याच्या घाईत रोजच्या उत्पादनाचा आकडा सर्वांत मोठा होऊन बसतो. त्या आकड्याखाली वेल्डर, खलाशी, स्वयंपाकी दबतात.

तुमच्यातले काही जण ट्रॉम्बेला जातील, काही अंकलेश्वरला, काही उरणला, काही हेलिकॉप्टरनं थेट समुद्रात. पहिल्या वर्षी कुणी तुम्हाला भाव ठरवायला बोलावणार नाही, पण वर्क परमिट तुमच्या सहीसाठी नक्की येईल. हवामान खात्याचा इशारा वाचा, जागेवर जाऊन पाहा, कंत्राटदाराच्या माणसाला विचारा. मनाची खात्री झाली नाही तर सही करू नका.