पहिली ऑर्डर

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

बुरहानपुरात नव्या उद्योगांबद्दल बोलायचं तर कुंडी भंडाऱ्याकडे, इथल्या जुन्या भुयारी पाणीयोजनेकडे, पाहावंच लागतं. १६१५ च्या सुमारास या शहराला पाणी हवं होतं. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवायची वाट दाखवली आणि मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानांनी ती उचलली. भुयाराने जोडलेल्या शंभरावर कुंड्या खोदल्या गेल्या आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आलं. विद्या एका परक्या माणसाकडे होती. खजिना, मजूर आणि हुकूम सत्तेकडे. इराणातलं तंत्र आपल्या डोंगरातही चालेल, यावर सत्तेने पैसा लावला, म्हणून ते उभं राहिलं.

आता २०२० चा मार्च आठवा. पुण्याच्या मायलॅब या लहान कंपनीत विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना चाचणीचं किट सहा आठवड्यांत तयार केलं. तपासणीसाठी ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मीनलताईंना मुलगी झाली. मान्यताही लवकर मिळाली. त्यांची ही जिद्द आपण सगळ्यांनी कौतुकाने ऐकली. पुढे काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. आठवड्याला दीड लाख चाचण्या ही मायलॅबची ताकद होती, आणि देश खूप मोठा होता. एप्रिलमध्ये सीरम इन्स्टिट्यूटचे अदर पूनावाला आणि एपी ग्लोबालेचे अभिजित पवार त्यांच्यासोबत आले आणि लक्ष्य ठरलं आठवड्याला २० लाख चाचण्यांचं. लसींचे कोट्यवधी डोस बनवणाऱ्या घराला असं किट स्वतः शोधत बसायची गरज नव्हती. लहान कंपनीलाही एवढं भांडवल एका रात्रीत उभं करणं शक्य नव्हतं. आणि किटवर नाव मायलॅबचंच राहिलं. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

महामारीने तेव्हा सगळ्यांना घाई करायला लावली. एरवी काय होतं? मोठ्या कंपन्या नवउद्योजकांसाठी स्पर्धा भरवतात, मंचावर धनादेश देतात, फोटो निघतात. मग जिंकलेला मुलगा किंवा मुलगी त्याच कंपनीच्या खरेदी विभागात जाते आणि तिला विचारलं जातं, तीन वर्षांचा अनुभव दाखवा, उलाढाल दाखवा. कुठे कुठे महिनोन् महिने चाचणी फुकट करून घेतात. माल घेतला तर पैसे अडकतात. लहान उद्योगाचं देणं फार तर ४५ दिवसांत चुकवावं, असं २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा सांगतो. २०२३-२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. हा नियम तुमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. केळीचा घड उतरला की खोड शेतात पडून राहतं. त्यातून धागा निघतो. बचत गटांतल्या बाया तो काढतात, त्याच्या वस्तू करतात. अडतं ते एकसारख्या प्रतीवर आणि कायमच्या गिऱ्हाइकावर. इथे शहरभर यंत्रमाग आहेत, नेपानगरला १९५० च्या दशकापासून कागदाचा कारखाना आहे. हा धागा मागावर टिकतो का, लगद्यात चालतो का, हे कोणीतरी मन लावून तपासायला हवं. एखाद्या मागमालकाने एक माग महिनाभर या कामाला मोकळा ठेवला, तर तुमच्यातल्या एखाद्या टेक्स्टाइलच्या विद्यार्थिनीला त्याचं मोल कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त असेल. खोड फुकट मिळेल; मागाचा वेळ फुकट मिळत नाही, म्हणून तो कोणीतरी द्यावा लागेल.

तुमच्यातले थोडे स्वतःचं काही सुरू करतील. बरेचजण पुण्या-इंदूरच्या मोठ्या कंपन्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत जातील, आणि माझं मागणं मुख्यतः त्यांच्याकडे आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करायची मुभा सरकारी खरेदीच्या नियमांत आहे. निविदेचा पहिला मसुदा बहुतेक वेळा नव्या, कनिष्ठ माणसाकडेच येतो. तो तुमच्याकडे आला, की ही सवलत त्यात लिहा. साहेबांनी खोडली तर का खोडली, ते विचारा, आणि पुढच्या निविदेत पुन्हा लिहा.